दोन मिनिटांचा कोरा चेहरा

"सही करण्याआधी कागद नीट वाच," नणंद म्हणाली होती. "मी काय अंगठाबहाद्दर आहे?" असं म्हणून मी ते हसण्यावारी नेलं.

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत, बाळ काय करतं हे पाहण्यासाठी, मला कॅमेरा चालू असताना तान्ह्या लेकीसमोर दोन मिनिटं कोऱ्या चेहऱ्याने बसायचं होतं. ती हात पसरून रडायला लागली, तशी मी तिला उचललं.

"ताई, अजून एक मिनिट. तुम्ही संमतीपत्रावर सही केलीय," संशोधक म्हणाला.

"माघार घेणार नाही, असं कुठे लिहिलंय त्यात? आमचं चित्रीकरण माझ्यासमोर पुसा."

त्याने कुरकुरत पुसलं.

बाहेर बसलेल्या दुसऱ्या आईला मधूनच माघार घेता येते हे मी सांगितलं, तरी ती बाळाला घेऊन आत गेली. तुमची बहीण किंवा भावजय बाळाला घेऊन अशा प्रयोगाला गेली असेल, तर आजच फोन करून आई आणि बाळ दोघांची विचारपूस करा.