डाव्या शॉकअपची कडी

मित्रांनो, तैवानच्या डोंगरात, चहाच्या मळ्याशेजारी एक जुनी मोटारसायकल उभी असते. तिच्या पुढच्या चाकाचा डावा शॉकअप म्हणजे मी. उजवा माझा जुळा भाऊ. खड्डा आला की आम्ही दोघे एकदम खाली बसतो, एकदम उठतो आणि वरच्या माणसाला काही कळू देत नाही. एवढंच आमचं काम, पण ते काय सोपं आहे?

कारखान्यात माझी नळी आरशासारखी चकचकीत केली, तेव्हा मी भलताच मिरवत होतो. मग अठरा वर्षं चहाची पोती. पोती मागे बांधलेली, पण उतार लागला की सगळा भार आमच्याच अंगावर! तेव्हाचे मालक, म्हणजे पेइशानचे आजोबा, गावभर कौतुक सांगायचे. ते गेले आणि मी ताडपत्रीखाली गेलो. माझं तेल काळं पडलं. सहा वर्षं कुणी विचारलंसुद्धा नाही. शेवटी नववीतल्या पेइशाननं ती ताडपत्री ओढली आणि बाबांच्या मागे लागून आम्हाला दुरुस्तीला काढलं.

तो दिवस चांद्र महिन्याचा सोळावा होता. घरचं चहाचं दुकान, त्यामुळे दर चांद्र महिन्याच्या दुसऱ्या आणि सोळाव्या दिवशी दारात टेबल मांडून देवांना नैवेद्य दाखवायचा. आणि नेमकी त्याच टेबलावर बाबांनी आमची आतडी पसरलेली! चार वाजता खालच्या गावात पेइशानचा टेबल टेनिसचा सामना होता, म्हणून घाई.

"देवांच्या टेबलावर तेलकट हाडं?" आजी बाबांना म्हणाली. तिला सगळे आमा म्हणतात. "तुझा बाप असता तर त्यानं तुलाच नैवेद्यात वाढलं असतं."

उजव्या भावाचं काम झालं होतं. तेलाचं सील बसलं होतं आणि त्यावर तारेची कडीही. ही कडी सीलला जागेवर धरून ठेवते. ती नसली तर दाब येताच सील वर सरकतं आणि तेल वाहत जातं थेट ब्रेकवर. माझं सील बसलं होतं, कडी अजून ताटलीत होती. तेवढ्यात आमानं उदबत्त्या पेटवल्या. उदबत्ती पेटल्यावर "पाच मिनिटं थांब" म्हणायची या घरात कुणाची छाती नाही. बाबा हात पुसत उठले.

आमाला फळांसाठी ताटली हवी होती. तिनं तिच्यातलं सामान वर्तमानपत्रावर ओतलं, ताटली धुवायला नेली. ग्रीसनं माखलेली माझी कडी शेजारच्या सोनेरी कागदांच्या गठ्ठ्याला चिकटून राहिली. देवांचे पैसे म्हणून ते कागद लोखंडी पिंपात जाळतात. कडी त्यांच्यासोबत गेली. मी पाहिलं, मित्रांनो, फक्त मी!

बाबा परत आले. वर्तमानपत्रावर एकही कडी उरली नव्हती. म्हणजे दोन्ही बसल्या, असं त्यांनी धरलं आणि माझ्यावर रबरी टोपी दाबून बसवली. तेल भरलं. स्प्रिंग घातली. चाक चढलं. एकेक नट आवळला जात होता आणि माझा जीव कासावीस होत होता. खाली जायला बावीस वळणं आहेत, आणि एका बाजूला दरी.

साडेतीनला पेइशान हेल्मेट घालून मागे बसली. बाबांनी पुढचा ब्रेक दाबून आम्हाला चार-पाचदा खाली-वर केलं. टोपीखालून माझा एक थेंब आला. बाबांनी फडक्यानं पुसला.

"भरताना सांडलं असेल."

दुसरा थेंब आला.

"बाबा, उजव्याला नाही येत," पेइशान म्हणाली.

"उशीर तुला होतोय की मला?"

"मलाच. तरी बघा ना."

बाबांनी तोही पुसला आणि किल्ली फिरवली.

राख गार झाल्याशिवाय ढवळायची नाही, देवांना फाटके पैसे जातात, असा आमाचा नियम. ती आत्ता कुठे गार झाली होती. आमानं पिंप झाडाशी उपडं केलं आणि दोन बोटांत एक काळी, गोल तार धरली. "हे देवांनी परत पाठवलंय. कुणाचं आहे?"

पेइशाननं सकाळी दोन्ही कड्या स्वतः रॉकेलनं धुतल्या होत्या. तिनं लगेच ओळखली.

"बाबा, गाडी बंद करा."

टोपी उचकटली. खाच रिकामी होती आणि सील अर्धं वर आलेलं. बाबांनी रिकाम्या खाचेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "मी बसवलेल्या मोजल्याच नाहीत. उरलं काही नाही, एवढंच बघितलं."

जळलेल्या तारेत ताण राहत नाही, ती चालणार नव्हती. पेइशान शेजारच्या श्यू काकांच्या निळ्या ट्रकमधून गेली, कोबीच्या खोक्यांमध्ये बसून. पोचेपर्यंत सामना हुकला होता. संध्याकाळी ती लाल डोळ्यांनी परत आली, पण मुठीत खालच्या गावातून आणलेली माझी नवी कडी होती. तिनं ती स्वतः बसवली. खाचेत कट्ट आवाज झाला. बाबांनी दोन्ही शॉकअपवर बोट ठेवून मोठ्यानं मोजलं, "एक. दोन."

मित्रांनो, काम अर्धं टाकून उठावं लागलं, तर परत आल्यावर काय उरलं ते बघू नका, काय बसलं ते बघा. आणि आम्हाला तोंड नाही हो! तेलाचा एक थेंब हीच आमची हाक. ती पुसण्याआधी एकदा ऐका.