कोंबय्याचं शेवटचं जेवण

कोंबय्याचा पिक्चर बहरीनला लागणार हे कळल्यावर मुत्तूने पहिला फोन मथुराला केला. ती मुहर्रकच्या टेलरिंगच्या दुकानात एका अरब बाईच्या काळ्या अबायाला काठ लावत बसली होती.

"आमच्या गावाचा पिक्चर आलाय," तो म्हणाला. "स्पृहालाही न्यायचं. वर्कशॉपमधले सगळे येणार आहेत."

मथुरा देवगडची, मुत्तू तिरुनेलवेलीकडचा. ओळख इथेच झाली, लग्न इथेच ठरलं. दोघं एकमेकांशी हिंदीत बोलायची आणि अडेल तिथे मराठी किंवा तमिळ शब्द घालायची. मुलीला, स्पृहाला, तिन्ही भाषा कळायच्या, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं.

कोंबय्या मुत्तूच्या गावचा दरोडेखोर. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी तो धान्याच्या व्यापाऱ्यांच्या गाड्या लुटून पोती गरिबांच्या दारात टाकायचा. पोलिसांनी त्याला ताडांच्या बनात गोळ्या घातल्या. पुढे लोकांनी गावाच्या वेशीवर मोठ्या मिशांचा दगड उभा केला आणि त्याला चिरूट आणि दारूचा नैवेद्य सुरू केला. त्याच्यावर गाणीही झाली. एका जवळच्या माणसाने घात केला एवढंच त्या गाण्यांत होतं, नाव कुणाचंच नव्हतं.

मुत्तू मीना सलमान बंदरातल्या एका जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होता. शुक्रवारी त्याच्या घरी पंगत बसायची. कधी हमूर माशाचं कालवण, कधी मटण. एकटे राहणारे वेल्डर, फिटर, कुणीही यायचं. जेवणं झाली की मुत्तू कोंबय्याच्या गोष्टी सांगायचा आणि शेवट ठरलेला असायचा.

"मेला त्या रात्री तो आमच्या घरी जेवला. माझ्या आईचे वडील, सुडलै तात्ता, ताडावर चढून नीरा काढायचे. त्यांनी त्याला आपल्या हाताने वाढलं. शेवटचं जेवण आमच्या घरचं."

पोरं माना डोलवायची. ही गोष्ट मुत्तूला आईने नव्हे, गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितली होती. आई त्या विषयावर बोलत नसे. तात्ता मुत्तू लहान असतानाच म्हातारे होऊन अंथरुणात गेले होते. त्याला ते आठवायचे ते भिंतीकडे तोंड करून झोपलेले.

थिएटरात त्यांनी एक अख्खी रांग भरली. मध्यंतरापर्यंत मुत्तू शेजारच्यांना काहीबाही दाखवत होता. तो बघा आमचा तलाव, ते देऊळ मात्र खोटं आहे. मध्यंतरानंतर पडद्यावर एक ताडावर चढणारा माणूस आला. कमरेला कोयता, डोळे सारखे इकडेतिकडे. कोंबय्याने त्याला हाक मारली, "सुडलै."

मथुराला आधी काही उमगलं नाही. मग त्या माणसाने कोंबय्याला पानावर भात वाढला, रस्सा आणतो म्हणून मागच्या दाराने बाहेर गेला आणि पोलिसांना घेऊन आला. पुढच्या रांगेतून कुणीतरी शिवी हासडली. मागून शिट्ट्या झाल्या. बाळाजी नावाचा मदुराईचा फिटर मुत्तूच्या शेजारी बसला होता. त्याने हातातले पॉपकॉर्न हळूच खाली ठेवले.

मुत्तू उठला. मथुरा आणि स्पृहा त्याच्यामागे निघाल्या. गाडीत स्पृहाने विचारलं, "वॉज दॅट अवर तात्ता?"

"पिक्चर आहे तो," मथुरा म्हणाली. "पिक्चरमध्ये काहीही दाखवतात."

मुत्तूने गाडी सुरू केली.

पुढच्या शुक्रवारी सगळे नेहमीसारखे आले. ताटं वाढली. मुत्तू आत रस्सा आणायला वळला तसा बाळाजी म्हणाला, "अण्णा, मागच्या दाराने जाऊ नका हं." सगळे हसले. मुत्तूही हसला. त्या रात्री भांडी घासताना मथुराने पाहिलं की बरीच ताटं अर्धीच टाकलेली आहेत. त्यानंतरच्या शुक्रवारी निम्मे आले. कुणाला ओव्हरटाइम होता, कुणाचं पोट बिघडलं होतं. मग कुणीच येईना. भांडण झालं नव्हतं. एकदा विनोद झाला आणि मग समोर बसून जेवायचा संकोच वाटू लागला, एवढंच. नवे पोरगे तर कोंबय्याचं चित्र मोबाइलवर लावून फिरत होते. एकाने मुत्तूच्या हाताखाली काम करायचं नाही म्हणून शिफ्ट बदलून घेतली.

गावात याहून वाईट चाललं होतं. मुत्तूची आई पोन्नम्मा तात्तांच्याच घरात एकटी राहायची. पिक्चर चालल्यावर लोक गाव बघायला येऊ लागले. वेशीवरच्या दगडापाशी फोटो काढायचे, मग विचारत विचारत तिच्या दारात यायचे. कुणी भिंतीवर कोळशाने 'द्रोही' लिहून गेलं. ती पुसायची, पुन्हा लिहिलेलं असायचं. ती ताडगूळ विकायची, ते घेणं लोकांनी बंद केलं. देवळातल्या जत्रेत तिला नैवेद्याची चूल मांडू दिली नाही.

हे सगळं तिने सांगितलं नव्हतं. मुत्तूला ते एका चुलतभावाकडून कळलं. त्याने आईला फोन लावला आणि बाहेर गॅलरीत न जाता मथुरासमोरच विचारलं, "अम्मा, तात्तांनी खरंच पोलिसांना सांगितलं होतं का?"

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज झाला. मग पोन्नम्मा बोलू लागली. मुत्तू ऐकत राहिला आणि फोन ठेवल्यावर त्याने ते मथुराला जसंच्या तसं सांगितलं.

पोलीस त्या दिवशी सकाळीच आले होते. तात्तांना मारून मारून झालं, ते बोलले नाहीत. मग इन्स्पेक्टरने पोन्नम्माच्या कमरेला दोर बांधला आणि तिला विहिरीत सोडलं. सहा-सात वर्षांची पोर. विचारायचा, कोंबय्या कधी येणार? उत्तर नाही आलं की दोर सैल करायचा. ती पाण्याखाली जायची, पुन्हा वर. शेवटी ती ओरडेनाशी झाली, तेव्हा तात्ता म्हणाले, आज रात्री.

"मग आजवर सांगितलं का नाहीस?" मुत्तूने विचारलं होतं.

"काय सांगायचं? माझ्यासाठी तो माणूस मेला, हे?"

मुत्तू त्या रात्रीपासून वेगळाच वागू लागला. त्याला जरा उभारी आल्यासारखं वाटलं. "लोकांना माहीत नाही म्हणून ते असं करतात," तो मथुराला म्हणाला. "कळलं की त्यांनाच लाज वाटेल."

"नका सांगू," मथुरा म्हणाली.

"का?"

तिच्या गावाकडे एका बाईवर आळ आला होता आणि ती जितकी बोलत गेली तितका तो घट्ट होत गेला होता, ते तिला आठवलं. "लोक अर्धंच ऐकतात," ती म्हणाली.

पोंगलला मनामातल्या एका हॉलमध्ये तमिळ मंडळींचा कार्यक्रम होता. बाळाजी आयोजकांपैकी एक. मुत्तूने दोन मिनिटं माइक मागितला. बाळाजीने टाळाटाळ केली, मग दिला. मुत्तूला भाषणाची सवय नव्हती. तो खाली बघून बोलला. पण सगळं बोलला. मार, दोर, विहीर, आई. मथुराला तमिळ जेमतेम कळायचं, तरी तिला प्रत्येक शब्द कळला.

मग मधल्या रांगेतला एक वयस्कर गृहस्थ, कुठल्याशा बँकेत काम करणारा, बसल्या बसल्या म्हणाला, "म्हणजे सांगितलं त्यांनीच."

त्याच्या आवाजात राग नव्हता. एखादी शंका मिटावी तसा तो बोलला. मुत्तू म्हणाला, "हो, पण पोर मरत होती." तो गृहस्थ म्हणाला, "ते ठीक आहे. पण सांगितलं ना?" मागे दोघं-तिघं कुजबुजले. मुलींचा नाच व्हायचा होता, त्या पायात घुंगरू बांधून बाजूला थांबल्या होत्या. कुणीतरी गाणं सुरू केलं.

बाहेर पार्किंगमध्ये बाळाजी मागून आला. "अण्णा, हे बोलायला नको होतं," तो म्हणाला. तो मनापासून बोलत होता. "आजवर आम्ही म्हणायचो, पिक्चरवाल्यांनी काहीतरी जुळवलं असेल. आता काय म्हणणार?"

मुत्तूच्या हॉलमधल्या बोलण्याचा कुणीतरी व्हिडिओ केला होता. तो कापून छोटा केला गेला. त्यात 'हो' एवढंच उरलं, विहीर गेली. खाली लिहिलं होतं, नातवाची कबुली. दोन दिवसांत तो गावात पोचला. तिसऱ्या दिवशी पोन्नम्माच्या घराची कौलं फोडली गेली. गावच्या पुढाऱ्यांनी तिला बोलावून घेतलं आणि समजुतीने सांगितलं, तू इथे राहिलीस तर गावाला त्रास होईल, तुलाही होईल.

मुत्तूने तिला बहरीनला यायला विनवलं. "तिथेही आपलीच माणसं आहेत ना?" तिने विचारलं. तो हो म्हणाला. "मग नको," ती म्हणाली.

चुलतभावाने तिला नागरकोईलजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. तिथे तिने वडिलांचं नाव दुसरंच सांगितलं. मुत्तू लीव्ह घेऊन जाऊन आला. मथुराने घराविषयी विचारलं तेव्हा म्हणाला, "दाराला कुलूप आहे." मग त्याने दुसऱ्या यार्डमध्ये काम धरलं. तिथे सगळे बंगाली आणि फिलिपिनो होते. कुणी गाव विचारलं तर तो पाँडिचेरी सांगायचा. स्पृहाला शाळेत आपल्या मूळ गावावर निबंध आला, तेव्हा तिने देवगडवर लिहिलं. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यात एका सोमवारी संध्याकाळी पोन्नम्माचा फोन आला. मुत्तूने तो स्पीकरवर टाकला, म्हणजे मथुरालाही बोलता यावं. इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "काल टीव्हीवर तो पिक्चर लागला होता. आश्रमातल्या सगळ्या जणी बसल्या, म्हणून मीही बसले."

"कशाला बसलीस?"

"उठले असते तर विचारलं असतं." मग म्हणाली, "अप्पा झालेला नट काम चांगलं करतो. पण त्यांच्यासारखा नाही दिसत. तू शेवट पाहिलास का?"

"नाही."

"शेवटी गावातली माणसं त्याला ताडाला बांधतात आणि मारतात. इथल्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या."

मुत्तूने विचारू नये असं मथुराला वाटलं. त्याने विचारलं. "आणि तू?"

"मीही वाजवल्या," पोन्नम्मा म्हणाली. "शेजारची माझ्याकडे बघत होती."

मुत्तूने फोनकडे पाहिलं. मग गुडघा कसा आहे, गोळ्या संपल्या का, असं काहीतरी विचारलं. ती म्हणाली, आहेत अजून. जेवणाची घंटा झाली, तिने फोन ठेवला.

मथुराने चहा केला. मुत्तू तो प्यायला, उठून कप स्वतः विसळला आणि उपडा घातला. सकाळी यार्डमध्ये मोठं जहाज येतंय, उद्या यायला उशीर होईल, असं तो म्हणाला आणि दिवा न लावताच आतल्या खोलीत जाऊन पडला.