नवलकोलची फुलं

माझी बायको न्यान गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो, मी आणि आमचा मुलगा क्वान. तोवर आमचं एकमेकांशी बोलणं तिच्यामार्फत चालायचं. त्याला बूट हवे असले की तो आईला सांगायचा, त्याचा अभ्यास कसा चाललाय हे मी तिला विचारायचो. आमच्यात भांडण असं कधी झालं नाही. लोकांना हे खरं वाटत नाही, आणि सांगताना मलाही आपण काहीतरी गाळतोय असं वाटत राहतं.

एकच वाक्य तो रोज थेट मला बोलायचा. आमच्या हनोईकडच्या घरांत धाकट्यानं म्हटल्याशिवाय मोठा माणूस पहिला घास घेत नाही. "बाबा, जेवा," हे तो बोबडं बोलायचा तेव्हापासून म्हणत आला. मी "हं" म्हणायचो आणि जेवायच्या काड्या उचलायचो. आईचं वर्षश्राद्ध झाल्यानंतर एका संध्याकाळी तो जेवायला आलाच नाही. पुढे त्याची खोली रिकामी झाली, फोनही लागेनासा झाला.

मग खिएमच्या पुतण्यानं बातमी आणली. खिएम माझा जुना शेजारी, माझ्याहून धाकटा, पण त्यानं मला मोठेपणा कधी दिला नाही, नुसतं थुआत म्हणायचा. आमच्याच रेल्वेमार्गावरच्या कुठल्याशा व्हिएतनामी खाणावळीत पुतण्यानं क्वानला भटारखान्यात पाहिलं होतं. त्या दिवशी तो प्यायलेला होता. स्टेशन आठवेना, नाव आठवेना, फक्त लाल प्लॅस्टिकची स्टुलं आठवत होती.

"सिडनीच्या या टोकाला लाल स्टुलं नसलेली एक खाणावळ दाखव मला," खिएम म्हणाला. "चल, एकेक खात जाऊ."

दर शनिवारी दुपारी आम्ही एका स्टेशनवर उतरू लागलो. बँक्सटाउनला खेकड्याच्या शेवया खाल्ल्या, फेअरफिल्डला लाओसच्या एका बाईच्या हातचा चिकट भात आणि मासळीचा खिमा, कॅब्रामॅटाला बदकाची पेज. खिएम सगळीकडे दुसरी वाटी मागायचा. मी मेनूकार्ड तोंडासमोर धरून आतल्या दाराकडे बघत बसायचो. विचारायचं कामही त्याचंच.

"ताई, तुमच्याकडे क्वान नावाचा स्वयंपाकी आहे का हो? उंच आहे. बापासारखाच घुमा."

"घुमा असेल तर मला चालेल. आमचा फार बडबडतो," एक मालकीण म्हणाली होती.

"पोरगा सापडेल तेव्हा सापडेल," परतताना खिएम म्हणायचा, "माझी साखर मात्र डॉक्टरला नक्की सापडणार."

कॅन्ली व्हेलला टायरच्या दुकानाशेजारी एक लहान जागा होती. स्टुलं निळी होती. खिएमला लघवी लागली नसती तर आम्ही आत शिरलोही नसतो. शिरलो तसं कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस मागवलं, सोबत शेवया, पाला आणि आंबटगोड पाण्याची वाटी. आत कुणीतरी भराभर काहीतरी चिरत होतं.

त्या वाटीत इथे सगळे कच्ची पपई घालतात. न्यान नवलकोल घालायची, आणि प्रत्येक चकतीला कडेनं पाच खाचा द्यायची, म्हणजे फूल व्हायचं. एवढा खटाटोप करणारी दुसरी बाई मला माहीत नव्हती. शेजारी बसून ते शिकलेला मुलगा मात्र एकच होता.

माझ्या वाटीत पांढरी फुलं तरंगत होती.

खिएमनं वाटीत पाहिलं. आत डोकावून मालकिणीशी कुजबुजला, आणि "मी सिगरेट ओढून येतो" म्हणून बाहेर गेला. त्यानं सिगरेट सोडून बरीच वर्षं झाली होती.

क्वान पाल्याची ताटली घेऊन बाहेर आला. वाळला होता. मनगटावर भाजल्याचा डाग होता. मला बघून क्षणभर थबकला, मग दोन्ही हातांनी ताटली माझ्यापुढे ठेवली. मी मनात वाक्यं जुळवून आणली होती. आईचा फोटो तुझ्या खोलीत लावलाय. भात मला अजून जमत नाही. घरी ये. पण त्यानं आधी ते रोजचं वाक्य म्हणावं, मग मी बोलेन, असं मला वाटत होतं.

"काका," तो म्हणाला, "मिरची तिखट आहे, बघून घ्या."

कुठल्याही म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला म्हणतात तसं.

"हो," मी म्हणालो. "आभारी आहे."

तो जरा वेळ उभा राहिला. मी वाटीकडे बघत राहिलो. मग तो आत गेला आणि चिरण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

खिएम आला तेव्हा मांसावरची चरबी गोठून पांढरी झाली होती.

"हात नाही लावलास?"

"अजून कुणी जेवा म्हटलेलं नाही."

तो समोर बसला. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आतपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "थुआतदादा, जेवा."

मी काड्या उचलल्या. चव तिचीच होती. मी सगळं संपवलं, फुलंसुद्धा.

खिएम म्हणाला त्या वेळी आत सुरी थांबली होती, असं तो अजून शपथेवर सांगतो. मला तसं ऐकू आलं नाही.