चाखणाऱ्याचा दगड

"दोन कशाला काढल्या?" मी विचारलं.

"आज सतरा ढीग आहेत," आमचे हे म्हणाले. "एकीनं भागायचं नाही."

झालं, तिथंच भांडणाला तोंड फुटलं. मी ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचा डबा ओढला, त्यांनी परत ओढला, आणि शेवटी एका घोटात दोन्ही गोळ्या गिळून ते चपला अडकवून निघून गेले. जेवणाचा डबासुद्धा घेतला नाही. रागावले की पोटावर राग काढायची ह्यांच्या घराण्याची जुनीच खोड.

बाहेरच्या माणसाला यातलं काय कळणार, म्हणून आधी सांगते. आमच्या गावात मीठ पिकतं. भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, तळाला दाणा धरला की ओढून बांधावर ढीग लावायचे. व्यापारी आला की ढिगांची प्रत ठरते. चांगलं ते खायला, मधलं ते मासळीला, कडवट निघालं तर कातडी कमावणाऱ्याला. ही प्रत ठरवायचं काम आमच्या घराकडे, आणि ते व्हायचं जिभेनं. प्रत्येक ढिगातून तीन चिमट्या घ्यायच्या, वरून, मधून आणि तळातून. चाखायचं आणि सांगायचं. थुंकायचं मात्र नाही. अख्ख्या गावानं उन्हात पाठ भाजून पिकवलेल्या मिठावर थुंकलेलं आमच्याकडे खपत नाही. म्हणजे चाखलेलं सगळं जातं पोटात. सतरा ढीग म्हणजे एक्कावन्न चिमट्या, तुम्हीच हिशेब करा.

ह्यांच्या आधी हे काम माझ्या थोरल्या दिरांकडे होतं. गाव त्यांना चाखे म्हणायचं. ते गेले आणि काम ह्यांच्याकडे आलं. कामाबरोबर वजनकाट्याच्या शेडला टेकून असलेला बसायचा दगड आला, आणि वर्षभरात दिरांचं ब्लडप्रेशरही आलं. वारसा म्हणतात तो असा.

गोळी काही वाईट नव्हती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून, विचार करून दिलेली. वाईट होतं ते आमचं डोकं. आम्ही काट्यावरची माणसं. या पारड्यात माल, त्या पारड्यात वजन, काटा मधोमध आला की काम झालं, एवढंच आम्हाला ठाऊक. दीर म्हणायचे, "इकडे मीठ पडलं की तिकडे गोळी टाकायची." ढीग थोडे असले की एक गोळी, जास्त असले की दोन. एकदा मोठी गाडी भरायची होती तेव्हा तीन घेतल्या. वर जेवताना लोणचं आणि सुकी मासळी. कुणी बोललं तर, "गोळी घेतलीय ना? मग?" आणि चालणं म्हणाल तर घर ते दगड, दगड ते घर. लोक ढिगांतलं मीठ वाट्यांत घालून त्यांच्यासमोर आणून मांडायचे आणि दीर बसल्या जागी चाखायचे.

ते गेले तेही त्या दगडावरच. शेडच्या भिंतीला पाठ, हनुवटी छातीवर, हात मांडीवर. चाखून विचार करताना ते असेच बसायचे, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. एकेक जण येत गेला आणि समोर वाटी ठेवून निघून गेला. बारा वाट्या मांडून झाल्या. तेरावी वाटी आणणाऱ्या बाईनं, "दादा, आमचं आधी बघा, घरी पोर तापलंय," म्हणून खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं. गाव दोन तास मेलेल्या माणसापुढे मीठ मांडत होतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण तेव्हापासून मला ते रोज दिसतं.

आणि हल्ली ते ह्यांच्यातच दिसायला लागलं होतं. ह्यांचा आवाज मुळात चढा, तो थोरल्यांसारखा बसका झाला. उठताना गुडघ्यावर हात टेकून "चला" म्हणायची सवय दिरांची, ती ह्यांना कधी लागली कळलं नाही. खांद्यावर थोरल्यांचं फडकं आलं. संध्याकाळी बांधावर फिरायला जायचे, ते सुटलं. मी काही म्हणायला जावं तर उत्तर तयार, "गोळी घेतलीय ना?" शब्द तेच आणि मानेचा झटकाही तोच. माझ्या घरात माझा नवरा कमी होत चालला होता आणि मेलेला माणूस वाढत चालला होता, यापेक्षा नीट मला सांगता येत नाही.

तर त्या दिवशी, भांडणानंतर, माझा राग उतरला आणि मी डबा घेऊन शेडकडे निघाले. ऊन मी म्हणत होतं. लांबून बघते तर हे दगडावर बसलेले. भिंतीला पाठ, हनुवटी छातीवर. समोर वाट्या. मी मोजायला नको होत्या, पण मोजल्या. बारा.

"अहो," मी हाक मारली. परत मारली, तरी मान तशीच.

तेवढ्यात शेडच्या कोपऱ्याशी कुणीतरी उभं दिसलं. थोरल्या जाऊबाई. त्या ह्यांच्याकडे टक लावून बघत होत्या आणि ओठातल्या ओठात म्हणत होत्या, "उठा ना. उठा ना."

तिसऱ्या हाकेला ह्यांनी मान वर केली. डोळे लाल. "डोकं भणभणतंय," म्हणाले, "जरा टेकलो होतो." मी धावत सुटले. डबा कलंडला आणि कालवण वाळूत गेलं, त्याचंही भान राहिलं नाही.

त्याच पावली मी त्यांना दवाखान्यात नेलं. जाऊबाई मागून आल्या. डॉक्टरीणबाईंनी हाताला पट्टा बांधला, आकडा बघितला, परत बांधला, परत बघितला.

"काका, गोळी किती घेता?"

"ढीग बघून," हे म्हणाले.

त्या बाईंना काही उमजेना. मग मी सगळं सांगितलं. चिमट्या, थुंकायचं नाही, सतराला दोन, दिवसभर गालात तंबाखू, सगळं. ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काका, गोळी म्हणजे काट्यात टाकायचं वजन नव्हे. एक सांगितली तर रोज एकच. मनानं वाढवायची नाही, मनानं सोडायचीही नाही. पण तुम्ही दिवसभर मीठ गिळणार, बसून राहणार, तंबाखू लावणार, आणि सगळा भार एवढ्याशा गोळीवर टाकणार. तिनं किती ओढायचं? ते मीठ बंद करा. रोज तासभर चाला. तंबाखू सोडा. दर आठवड्याला येऊन मोजून जा. उतरलं तर गोळीचं काय करायचं ते मी बघेन, तुम्ही नाही."

"मीठ बंद केलं तर मी कोण?" हे म्हणाले. एवढंच म्हणाले, पण मला ते लागलं. ज्याची जीभ गावानं मानली, त्याला जीभ आवर म्हणायचं.

बाहेर आल्यावर जाऊबाई ह्यांना म्हणाल्या, "भावजी, मामंजी चाखत नसत."

मी या घरात आले तेव्हा सासरे नव्हते. हे त्यांच्या माघारी वाढलेले. जाऊबाईंनी मात्र सासऱ्यांच्या हाताखाली चार वर्षं काढली होती.

"उजाडलं की अनवाणी सगळा बांध फिरायचे. ढिगावर पाय देऊन उभे राहायचे. दाणा टोचला तर चांगला, पायाला चिकटला तर कडवट. मग मुठीत घेऊन चोळायचे, कानाशी नेऊन ऐकायचे. अगदीच अडलं तर चाखायचे, वर्षातून दोनदा. दगडावर बसायची पद्धत तुमच्या भावांची. त्यांना उन्हाचा कंटाळा."

"आणि तुम्ही आत्ता सांगता, वहिनी?"

"कुणी विचारलं मला?" त्या म्हणाल्या. मग खाली बघत, "दुसरी गोळी मीच द्यायचे त्यांच्या हातात. पाण्याच्या पेल्याबरोबर. बरं वाटेल म्हणून."

त्या दिवशी त्यांना घरी सोडायला गेले आणि मीच म्हणलं, माझं कालवण सांडलंय, तुमचं द्या ह्यांना. घास चाखून बघितला तर अळणी. मीठ नावाला नाही. "विसरलात वाटतं," म्हणाले मी. त्यांनी मान हलवली. वर्षभर त्यांच्या चुलीवर मीठ पडलं नव्हतं. "तेव्हा हात आवरला नाही," म्हणाल्या, "आता आवरून काय फायदा, ते मलाही कळतं. पण मीठ घालायला हात उचलत नाही." मिठाच्या गावात वर्षभर अळणी खात होती ती बाई, आणि शेजारी राहून मला पत्ता नव्हता. स्वतःची लाज वाटली मला.

दुसऱ्या दिवसापासून हे अनवाणी निघाले. सोपं नव्हतं. पहिल्या आठवड्यात तळपाय चिरले आणि त्यात खारं पाणी. जखमेवर मीठ म्हणजे काय ते आमच्या घरानं शब्दशः बघितलं. तंबाखू सुटेना, मग चिडचिड. अळणी कालवण पुढ्यात आलं की ताट सरकवायचे. मी म्हणायची, "सरकवा, पोटावरचा राग नवा नाही." लोणच्याची बरणी जाऊबाई उचलून घेऊन गेल्या, त्यावर दोन दिवस ह्यांनी वहिनीशी अबोला धरला. महिनाभर माझ्या मनात हेच, की आज ना उद्या ये रे माझ्या मागल्या होणार.

मग व्यापारी आला. ढीग चौदा. सवयीनं लोकांनी वाट्या भरून दगडासमोर मांडल्या. हे दगडाजवळ गेलेच नाहीत. चपला काढल्या आणि ढिगांवरून चालायला लागले. उभे राहिले, मूठभर उचललं, चोळलं, कानाशी नेलं. "हे चांगलं. हे मासळीला. हे कडवट, तळाला ओल आहे." व्यापारी मागून छत्री धरून घाम पुसत फिरतोय.

"चाखे, हा काय नवा खेळ? जीभ कुठं गेली?"

"जीभ आहे जागेवर. बोलतोय की."

"चाखल्याशिवाय मी माल उचलणार नाही."

"मग तुम्ही चाखा," हे म्हणाले. "वरून, मधून, तळातून. आणि थुंकायचं नाही. आमच्याकडे खपत नाही."

आता गावापुढे माघार कशी घेणार तो? चाखत सुटला. पाचव्या ढिगाला पाणी मागितलं, नवव्याला छत्री दुसऱ्याकडे दिली, अकराव्या ढिगाला हात जोडले. तोवर एकही ढीग ह्यांनी सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला नव्हता. बायका पदराआड हसत होत्या. गाडी भरून निघाली तेव्हा तो ड्रायव्हरला म्हणाला म्हणे, वाटेत विहीर दिसली तिथं थांब.

चार महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला, सोडला, आणि हसल्या. गोळी अर्धी केली. "ही अर्धी राहू दे काका, आणि मोजायला येत राहा. फार कमी माणसं इतकं करतात." हे बाहेर येऊन गुडघ्यावर हात न टेकता पायऱ्या उतरले. मी मुद्दाम बघत होते.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण एक सांगायचं राहिलंय.

पहाटे आमच्या बांधाच्या मातीवर मिठाचा पातळ पापुद्रा धरतो. त्यावर पाऊल पडलं की ठसा उठतो. एकदा हे फिरून आल्यावर मी बांधाकडे गेले आणि थबकले. ह्यांच्या पावलांमागं आणखी एक जोड. अनवाणी. दगडापर्यंत गेलेली आणि पुढे तशीच ह्यांच्या मागं मागं. दुसऱ्या दिवशी तेच. थोरले ह्यांना न्यायला आले, दुसरं काही मनात येईना. कुणाला सांगणार? हसले असते लोक.

तिसऱ्या दिवशी मी आधीच जाऊन शेडच्या आड उभी राहिले. उजाडता उजाडता हे आले, नेहमीच्या चालीनं. आणि त्यांच्या मागं वीस पावलांवर, पदर खोचून, जाऊबाई.

मी पुढे झाले. "बाई, तुम्ही?"

"हळू बोल. त्यांना माहीत नाही." त्या थांबल्या नाहीत, मीच बरोबर चालायला लागले. "तुझ्या दिरांच्या मागं कधी चालले नाही गं. बसू दिलं, म्हणलं दमले असतील. यांच्या मागं तरी चालते. खाली बसले तर उठवायला कुणी नको?"

पुढे दगड आला. आणि मी बघितलं, इतके दिवस बघितलं नव्हतं ते. दगडापाशी येताच ह्यांची पावलं मंदावली. मान तिकडे वळली, हात गुडघ्याकडे गेला. उन्हाळ्यात झाडाखाली माणूस रेंगाळतो तसे रेंगाळले. जाऊबाई तेवढ्यापुरत्या झपाझप चालल्या आणि जोरात खोकल्या. हे दचकले आणि मागं न बघता पुढे निघाले.

"रोज?" मी विचारलं.

"रोज," त्या म्हणाल्या.

मीही चपला काढून हातात घेतल्या. तेव्हापासून आम्ही दोघी जातो. दगड उखडून टाका म्हणून मी दोनदा सांगितलं, पण तो हलवायला गावातला कुणी हात लावत नाही. दवाखान्याच्या त्या दिवसापासून हे त्यावर बसलेले नाहीत. पण रोज, न चुकता, थांबतात.