कमानीत पडलेला खड्डा

बी.एस्सी. संपत आलं तशी मी घरात एम.एस्सी.चा विषय काढला. तेही गणितात. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर. छप्पन साली दीक्षा घेतलेला माणूस, मुलीच्या शिक्षणाला नाही म्हणणार थोडाच! पण त्यांचं म्हणणं, बी.एड. कर, मास्तरीण हो. नुसतं एक्स-वाय मांडून पुढे काय? राग माझ्या नाकावरच असतो. मी म्हटलं, नाल्यावरच्या दगडी पुलाची कमान एका सूत्रात बसवून दाखवते. बसली तर एम.एस्सी., नाही तर मुकाट्याने बी.एड.

बाबांनी पैज घेतली आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच दोरी घेऊन आले. ते कठड्यावरून दगड बांधलेली दोरी सोडत, मी खाली काठावरून बघत असे. दगड कमानीच्या कडेशी आला की ओरडायचं, दोरी मोजायची, थोडं सरकायचं. मग आलेखाच्या कागदावर ठिपके जोडले आणि माझं तोंडच उतरलं. कमानीच्या ऐन माथ्यावर खड्डा! बाबा म्हणाले, हा तर दोन वशिंडांचा उंट दिसतो. मला रडू येत होतं, आणि ते हसत होते म्हणून जास्तच.

बाबा सायकलवर बसून घरी निघाले. पुलाच्या मध्यापासून खाली आले ते एकदाही पायडल न मारता.

"बाबा, थांबा!" मी किंचाळलेच. पूल दोन्हीकडून मध्यापर्यंत चढत होता. त्याच्याबरोबर कठडाही चढत होता, आणि मी शहाणी त्याला सपाट धरून बसले होते.

सपाट होतं ते खाली, बंधाऱ्याने अडवलेलं पाणी. पुन्हा दोरी सोडली, या वेळी पाण्यापर्यंत, आणि त्यातून कमानीपर्यंतची दोरी वजा करून उंची पाण्यापासून धरली. खड्डा गेला. माथा दहा फूट, रुंदी वीस. मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग, भागिले दहा, तो दहातून वजा. बस, एवढंच.

बाबा ऐकेनात. सगळं मोजून झाल्यावर सूत्र कोणीही जुळवेल, म्हणाले. त्यांनी न मोजलेली जागा दाखवली, मध्यापासून डावीकडे पाच फुटांवर. "इथं सांग. मले वाटते, अर्ध्यावर आलो त उंची बी अर्धी, पाच फूट."

"साडेसात," मी म्हटलं.

दोरी त्यांनी दोनदा मोजली. साडेसात, वर बोटभर. मग बाबांनी उजवीकडची जागा दाखवली, मग तिसरी, आणि दर वेळी दोरी ओढून मोजायची घाई माझ्यापेक्षा त्यांनाच होऊ लागली.

परतताना देवाजींच्या टपरीवर चहा घेतला. जयभीम झाल्यावर देवाजींनी विचारलं, पोरगी आता काय करते?

"एम.एस्सी. करून राहिली," बाबा म्हणाले, "गणितात."