एका अक्षरानं आजारी

मित्रांनो, मी यीस्टची एक जुनी पेशी आहे. पाव फुगवणारं, सुरेला फेस आणणारं यीस्ट तुम्हाला ठाऊक आहे. माझं कूळ तेच. पण माझ्या सोळा गुणसूत्रांपैकी एक माणसानं बनवलेलं आहे. इन्सुलीजवळच्या एका लहानशा प्रयोगशाळेत, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये, करंगळीएवढ्या कुपीत मी लाखो बहिणींसह गोठून पडले आहे.

मला घडवलं बांद्याच्या संशोधक रॉविनानं. संगणकावर लिहिलेलं गुणसूत्र तुकड्यातुकड्यानं तयार होऊन यायचं. माझा एकेक जुना तुकडा काढून ती तिथे नवा बसवी. दोन वर्षांनी शेवटचा तुकडा बसला, तरी मी जगले! त्या दिवशी सगळ्यांना जत्रेतलं गोड खाजं वाटलं गेलं. माझा फोटो भिंतीवर लागला.

मी बाहेर पसरू नये म्हणून बंदोबस्तही होता. जगायला लागणारा एक पदार्थ मला स्वतः बनवता येत नाही. रॉविना तो बशीत घालील तरच मी वाढते. मला वेगळं कुलूप कशाला हवं?

मग माझं दुखणं उघडकीला आलं. तीस अंशांना मी छान वाढे. सदतीसला ठेवलं की वाढच थांबे. प्रमुख सत्यवान सर म्हणाले, "रॉविना, हे बिघडलंय. नष्ट करा आणि नव्यानं सुरुवात करा."

"सर, नव्यानं केलं तरी तीच चूक पुन्हा करू. ती कुठे आहे ते हिच्याकडूनच कळेल. मला महिना द्या."

सरांनी पंधरा दिवस दिले. रॉविना एकेक नवा तुकडा काढून त्याच्या जागी जुना बसवून पाहू लागली. आठ वेळा बशी रिकामीच राहिली. तेराव्या दिवशी, नववा तुकडा बदलल्यावर, सदतीस अंशांतली बशी पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेली. मग रॉविनानं त्या तुकड्यात लिहिलेली जनुकांची अक्षरं एकेक करून ताडून पाहिली.

"गावला गो?" सापडलं का, असं मदतनीस नम्रतानं विचारलं.

"गावला! एकच अक्षर गो, एकच!" रॉविनाचे डोळे भरून आले.

ते अक्षर सुधारून माझी निरोगी बहीण तयार झाली. भिंतीवर तिचा फोटो आला. मी फ्रीझरच्या तळाशी गेले. पुढे रॉविना नोकरीसाठी गोव्याला गेली.

पाच वर्षांनी फ्रीझर भरला. बेनावाच्या कुप्या वाफेच्या यंत्रात घालून मारायचा हुकूम सुटला. नम्रतानं मला ट्रेमध्ये काढलं. बर्फ सुटू लागला, अंगाला ऊब लागली. किती वर्षांनी! पण त्या उबेपुढे मरण होतं.

नम्रतानं कुपी निरखली आणि फोन लावला. "रॉविना, हेच्यावरचा नाव पुसला हा. 'आजारी' इतक्याच वाचूक येता. टाकू?"

"नको गो! तीच ती! चूक कशी सोदूची, ता पोरांका शिकवक तीच व्हयी."

विद्यार्थ्यांना चूक शोधायला शिकवण्यासाठी मी पुन्हा थंडीत गेले. वाचले, आणि अडकलेही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी नवा जीव लिहील. जरूर लिहा. पण तो कोण सांभाळील, बिघडला तर त्याचं काय करायचं, हे आधी ठरवा. मला बाहेर सोडा असं मी म्हणत नाही. ते बरं नव्हे, हे मलाही कळतं. फक्त नाव न पुसणाऱ्या शाईनं लिहा. आतून कुणाला हाक मारता येत नाही.