तिसऱ्या अंकातली ओळ

हेमाने वहीवर छोटा टॉर्च धरला आणि विंगेतून मंचाकडे पाहिलं. डोंबिवलीच्या त्या उघड्या मैदानावर खुर्च्या भरल्या होत्या, शेजारच्या इमारतींच्या गॅलऱ्यांतही माणसं उभी होती. इटालियन ऑपेरा पहिल्यांदाच पाहणाऱ्यांसाठी पत्रिकेत मराठीत कथा छापली होती : नायिका शेवटी विष घेते.

नायिका देवयानी होती. जवळच कोपरला, आपल्या दोन खोल्यांत हेमाने तिला अकरा वर्षं गाणं शिकवलं होतं. दिवाळीपर्यंत ही भूमिका हेमाचीच होती. मग देवयानी दिग्दर्शकाला, प्रशांतला, एकटी जाऊन भेटली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ताई, वरचे सूर चिरकतात आता तुमचे. तुम्ही प्रॉम्प्टिंग सांभाळा, विंगेतून शब्द द्या."

हेमा नाही म्हणाली नाही. देवयानीशी मात्र ती त्यानंतर कामापुरतंच बोलत होती.

"तिसऱ्या अंकात अडखळतेस तू," आज मंचावर जाण्याआधी तिने सुनावलं होतं.

"म्हणून तर तुम्हाला ठेवलंय," देवयानी म्हणाली होती.

तिसऱ्या अंकात देवयानीने विषाचा पेला रिकामा केला, ती गुडघ्यांवर बसली आणि दोन ओळी गाऊन थांबली. तिची नजर विंगेकडे वळली.

पुढच्या शब्दावर हेमाचं बोटच होतं. तिने देवयानीच्या डोळ्यांत सरळ पाहिलं आणि वही मिटली.

पियानोवर सर्वेशने तोच स्वर पुन्हा दिला. मग आणखी एकदा. देवयानीचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मैदानात कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी तिचा हात गळून पडला आणि ती फळ्यांवर आडवी झाली, उरलेल्या ओळी न गाताच. पुढच्या रांगेतली एक बाई तोंडाला पदर लावून रडू लागली. मग सगळे उठून उभे राहिले.

देवयानी आत येताच प्रशांत धावला.

"हे कधी सुचलं गं तुला? न गाता मरायचं! मला असं बसवता आलं नसतं."

देवयानी हेमासमोर येऊन उभी राहिली. ती काय काय बोलेल आणि आपण काय ऐकवायचं, हे हेमाने मनात जुळवून ठेवलं होतं.

"उद्याच्या प्रयोगालाही," देवयानी हलक्या आवाजात म्हणाली, "तिथे शब्द देऊ नका."

टाळ्या थांबत नव्हत्या. ती परत उजेडात गेली आणि लोकांपुढे वाकली.